पुट्टीखाली गेलेला नंबर

आरटीओच्या मैदानावर साहेबानं बॉनेट उघडलं, मोबाईलची बॅटरी लावली, आत डोकं घातलं आणि डोकं बाहेर न काढताच इचारलं, "नंबर कुठाय?"

मी म्हणलं, "मागं हाय की सर. पाटीवर."

"तो नाही. चेसिस नंबर. पत्र्यावर ठोकलेला असतो तो."

मला काय म्हाईत? मी चार वर्षं झाली ही गाडी चालवतीय, पण तिच्या पत्र्यावर काय ठोकलंय ते कवा बघितलंय! साहेब बिचारा समजूतदार होता, त्यानं सांगितलं. प्रत्येक गाडीच्या अंगावर सतरा अक्षरं-आकडं खोल ठोकलेली असत्यात. आरसी बुकात तीच लिहिलेली असत्यात. पंधरा वर्षं झाली की गाडी परत पासिंगला आणायची, मग हे त्या आकड्यांवर कागद धरत्यात, वरनं पेन्सिल घासत्यात, कागदावर नंबर उमटतो. बुकाशी जुळला की गाडी तुमची.

आमच्या गाडीत कागद धरायला जागाच न्हाई. इंजिनाच्या मागं नुसता हिरवागार पत्रा. गुळगुळीत. बोट फिरवलं तर घसरतंय.

लायनीत मागं उभा असलेला एकजण वराडला, "ताई, खोडरबरानं पुसला काय गं?" आनी सगळी लाईन हसली. मला त्या लायनीतल्या प्रत्येकाच्या गाडीची हवा सोडावीशी वाटली.

साहेब म्हणाला, "हे बघ, बुकात रंग चांदीचा आहे, गाडी हिरवी आहे. रंगाचं अर्ज करून होईल. पण नंबर नसला तर ही गाडी कुणाची, चोरीची की कशाची, मला कसं कळणार? शुक्रवारी मुदत संपते. त्यानंतर रस्त्यावर आणू नको. नंबर नाही सापडला तर स्क्रॅपला द्या."

सोमवार होता तो. शेजारच्या सीटवर अब्बा बसलेलं, पाय सरळ लांब केलेला. त्यांनी सगळं ऐकलं. नुसता दाराच्या आतनं हात फिरवला, म्हशीच्या पाठीवर फिरवत्यात तसा.

आता अब्बांचं सांगते, म्हंजे मी का एवढी रडकुंडीला आलते ते कळंल. अब्बा बांगड्या भरत्यात. दुकान न्हाई. लग्नघरात, डोहाळजेवणाला, बाजारात जाऊन बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या, हे आमचं पिढ्यांचं काम. पयलं ते दोनचाकीवर पेट्या बांधून जायचं. सहा वर्षांमागं शिरवळच्या पुढं घसरलं, गुडघ्यात सळई बसली, तवापास्नं तो पाय वाकत न्हाई. काठीसारखा सरळ. रिक्षात बसता येत न्हाई, एसटीत पाय वाटंत येतो, लोकाच्या भारी गाडीत चढता येत न्हाई. दोन वर्षं मानूस घरात बसून होता. आमी ऱ्हातो मलकापुरात, कराडला लागून. अब्बा हायवेकडं तोंड करून बसायचं आनी गाड्या बघायचं, बास.

मग ही गाडी आली. जुनीच घेतली. चाचा, म्हंजे अब्बांचा धाकटा भाऊ, तो ट्रकला कलर मारतो, त्यानं सांगलीतनं शोधून काढली. आनी गल्लीत आली तवा लोकं काय हसली! एकजण म्हणला, फ्रिजला चाकं लावलीत. एकजण म्हणला, हिचं नाक फॅक्टरीतच विसरलं काय? खरंच ती दिसायला तशीच हाय, उंच, चौकोनी, पुढं बॉनेट नावाला. कुणी घेतलीच न्हाई ती, म्हणून कंपनीनं बंद केली.

पण गड्या, त्या गाडीत अब्बा बसलं कसं म्हाईताय का! तिची सीट बरोबर आमच्या कॉटच्या उंचीची. वाकायचं न्हाई, चढायचं न्हाई. दार एवढं उघडतं की जवळजवळ पुढच्या चाकाला टेकतंय. अब्बा पाठमोरं उभं राहिलं, टेकलं, फिरलं, पाय आत. सीट मागं सरकवली तर सरळ पाय आरामात मावतो, वर डबा ठेवायला जागा राहती. एवढंच! दोन वर्षं जे जमत न्हवतं ते एका मिन्टात जमलं. अम्मी दारातनं बघत होती, ती आत पळाली आनी भांडी घासायला लागली, घासलेलीच.

आनी बांगड्या! मागची सीट पाडली की खाली सपाट, पेट्या एकावर एक बसत्यात. स्प्रिंगा इतक्या मऊ की मेढ्याच्या घाटात पण काच बोलत न्हाई. अब्बा गाडीतनं उतरून पेटी उघडणार, वरचा कागद काढणार आनी म्हणणार, "एक पण वाढली न्हाई." आमी बांगडी फुटली म्हणत न्हाई, वाढली म्हणतो. बाजारात मागचं दार वर उचललं की त्येची सावली पडती. बायका येत्यात, मागच्या कडंवर बसत्यात, हात पुढं करत्यात. शेजारच्यांनी मोठी उंच गाडी घेतली, रुबाब करत फिरत्यात, पण त्यांच्या आईला दवाखान्यात न्यायचं झालं की पोरगा आमच्या दारात. "चाची, तुमचा फ्रिज द्या की जरा." त्येच्या आईला त्या गाडीत चढताच येत न्हाई! आमची अम्मी म्हणती, "न्या बाबा. पण हसताना जरा दमानं हसत जावा."

तर ही असली गाडी स्क्रॅपला द्यायची. आनी रविवारी मेढ्याला नवरीचा चुडा भरायचा. तीन पिढ्यांचं घर, नवरीच्या आजीच्या हातात पण आमच्याच आजोबांनी भरलेल्या.

मी मैदानावरनंच चाचाला फोन लावला. मला वाटलं कुणी तरी उचकटून नेला असंल नंबर.

"चाचा, तू गाडी रंगवली तवा इंजिनाच्या मागं काय होतं?"

"इंजिनाच्या मागं? काय न्हवतं. गंज होता थोडा. खड्डं खड्डं पडल्यालं. मी ग्राइंडर मारून पुट्टी भरली, पेपर मारला. का गं? निघाली का काय पुट्टी?"

अब्बांनी माझ्या हातातला फोन घेतला आनी नुसतं म्हणलं, "घरी ये रं."

मागच्या ईदला चाचानं गाडी रंगवून दिली होती. फुकट, मायेनं. आठ दिवस लावलं. अब्बांच्या पेटीतली एक हिरवी बांगडी नेली, उन्हात डब्याच्या तोंडाशी धरली आनी बरोबर त्या हिरव्याचा हिरवा होईपत्तूर कलर मिसळत बसला. गाडी दारात आणली तवा अख्खी गल्ली गप झाली होती. फ्रिज म्हणणारं पण.

आनी चाचा काय अडाणी न्हाई. ट्रकच्या चेसिस नंबरावर त्यानं जन्मात कलर मारला न्हाई, तितं आधी ग्रीस फासतो, कागद चिकटवतो. पण ट्रकचा नंबर असतो खाली, पुढच्या चाकापाशी लोखंडी पट्टीवर. ह्यानं गाडीत खाली पट्टी शोधली, पट्टीच न्हाई. असल्या गाडीला तसली पट्टी नसतीच. नंबर वर पत्र्यावर असतो, इंजिनाच्या मागं, अंधारात. ट्रकवाला मानूस तितं कशाला बघंल? त्येला ते गंजाचं खड्डंच दिसलं. मोबाईलवर जुना फोटो हाय का बघितलं, सगळं फोटो बाहेरनं काढल्यालं, बॉनेटवर फुलं ठेवून.

पुट्टी काढून बघायचं ठरलं, पण नंबर नेमका कुटं? किती लांब? आंधळ्यागत खरवडलं तर उरलंसुरलं पण जाईल. म्हणून मंगळवारी सकाळी तिघं सांगलीला. तिथलं ह्या गाडीचं शोरूम कवाच बंद पडलंय, तितं आता फरशीचं दुकान हाय. पण त्या शोरूमात काम केलेला एक म्हातारा मिस्त्री गावाबाहेर गॅरेज चालवतो असं चाचानं कुणाकुणाला फोन करून काढलं. आष्ट्याच्या पुढं मी इतकी जोरात चालवली की अब्बा म्हणले, "मुदत शुक्रवारी हाय बेटा, आज न्हाई."

मिस्त्रीनं गाडी बघितली आनी हातातला पानाच टाकला.

"अरं तिच्या! ही अजून जिती हाय?" मग अब्बांकडं बघून, "बसा भाई, बसा. न्हाई न्हाई, आतच बसा. हिच्यासारखी बैठक दुसऱ्या कुटल्या गाडीत न्हाई. मी ओरडून ओरडून सांगायचो गिऱ्हाइकाला. घेत न्हवती लोकं. आरशात बघून गाडी घेत्यात, बसून कोण बघतंय?"

अब्बा पयल्यांदा हसलं. दोघं म्हातारं धा मिन्टं नुसतं त्या गाडीचं कौतिक करत बसलं, दार कसं, सीट कशी, हिवाळ्यात पयल्या झटक्याला कशी चालू होती. मी पाय आपटत उभी. शेवटी मिस्त्रीनं बॉनेट उचललं, चार बोटं मोजली आनी खडूनं चौकोन काढला.

"हितं. सतरा अक्षरं हायत ह्या चौकोनात." मग त्यानं चाचाला इचारलं, "ग्राइंडर मारला का नुसता पेपर?"

चाचा खाली बघत म्हणला, "ग्राइंडर."

"दाबून?"

चाचानं नुसती मान हलवली.

मिस्त्रीनं लांब श्वास घेतला. "पातं लावू नका. कलर काढायचं केमिकल लावा, फडकं ठेवा, वाट बघा, पुसा. परत लावा. घाई करणाऱ्याचं हे काम न्हाई." आनी हे तो माझ्याकडं बघून म्हणला, बरं का.

बुधवारी आमच्या दारात, फणसाच्या सावलीला, बॉनेट उघडं ठेवून आमी सकाळपास्नं लागलो. चाचा बोळा लावायचा, मी आरसी बुक घेऊन उभी. तो सगळा हिरवा कलर सालीसारखा निघायला लागला. स्वतानं आठ दिवस मारलेला कलर मानूस स्वताच सोलतोय, त्येच्या तोंडाकडं बघवत न्हवतं. खाली पांढरी पुट्टी. मग पुट्टीत बारीक करडी रेघ. मग "एम"! मी असली किंचाळले की अम्मी हातात लाटणं घेऊन बाहेर आली. मग पुढचं अक्षर. मग एक आकडा. मी बुकातनं वाचायची, चाचा पुसायचा, जुळलं की दोघं एकमेकाकडं बघायचो. दुपारच्या नमाजापत्तूर चौदा आलं. चौदा! मी गल्लीतल्या पोरास्नी सांगून पण टाकलं की सुटलो.

पंधरावा आलाच न्हाई.

सोळावा न्हाई. सतरावा न्हाई. पुट्टी संपली आनी खाली चकचकीत पत्रा, ग्राइंडरचं गोल गोल वळ. तितंच दाबून मारला होता. चाचानं परत केमिकल लावलं, परत पुसलं, परत लावलं, जसं काय पत्र्याच्या आतनं आकडं वर येणार हायत. मग तो तसाच मागं सरला, जमिनीवर बसला आनी दोन्ही हात डोक्यावर घेतलं. हात केमिकलनं पोळलेलं, लाल.

"मीच बसवला भावाला घरात," म्हणला. "मीच."

मला ते ऐकवंना. आनी आता मी जे केलं ते लिहिते, लपवत न्हाई. मी म्हणलं, "चाचा, तुझ्या त्या ट्रकची बॉडी बांधणाऱ्या मित्राकडं आकडं ठोकायचं पंच हायत की. तीनच तर आकडं. बुकात हायत तेच ठोकायचं, खोटं कुटं हाय? जरा गंज चढू द्यायचा मिठाच्या पाण्यानं. कोण बघतंय?"

चाचानं मान वर केली. त्येच्या डोळ्यात मला दिसलं, त्येच्या पण मनात हेच होतं. तो उठला, गेला आनी अर्ध्या तासात पंच घेऊन आला, फडक्यात गुंडाळून. हातोडी मी दिली त्येच्या हातात. मी!

अब्बा कॉटवरनं म्हणले, "काय चाललंय?"

"काय न्हाई अब्बा."

ते काठी टेकत बाहेर आलं. फडकं बघितलं. चिडलं न्हाईत, तेच वाईट. "चौदा अक्षरं खरी हायत," म्हणले. "तीन आपण ठोकली की चौदाच्या चौदा खोटी होत्यात. उद्या कुणी इचारलं तर ही पोरगी स्टेअरिंगवर बसल्याली असंल. पोलीस तिला इचारतील, मला न्हाई."

"मग अब्बा, करायचं काय? घरात बसायचं परत?" मी वराडलेच. "तुमाला चालंल, मला न्हाई चालणार! मला न्हाई बघवत तुमी हायवेकडं तोंड करून बसल्यालं!"

अम्मी म्हणली, "अगं हळू." अब्बांनी फडक्याची गाठ मारली आनी चाचाच्या हातात दिली.

गुरुवारी मैदानावर साहेबासमोर चाचा उभा राहिला. मी बोलणार होते, मला त्यानं मागं केलं. "साहेब, मी ट्रकचा पेंटर हाय. ह्यांची गाडी मी रंगवली. नंबर मीच घासला. मला तो गंज वाटला." लायनीतली चारपाच जणं ऐकत होती, त्यातलं दोघं त्येचंच ट्रकवालं गिऱ्हाईक. पेंटर मानसानं चेसिस नंबर घासला, ही बातमी संध्याकाळपत्तूर कुटं कुटं जाईल ते त्येला म्हाईत होतं. तरी आवाज बारीक केला न्हाई.

साहेबानं चौदा अक्षरांवर कागद धरला, पेन्सिल घासली, बुकाशी ताडलं, लय वेळ बघत राहिला. मग म्हणला, "तुम्ही ठोकला असता तर मी गाडी जप्त केली असती. पंच मला ओळखता येतो." मी चाचाकडं बघायचं टाळलं. "आता असं करा. ह्यांचा लेखी जबाब द्या. पोलिसांकडून चोरीची नाही असा दाखला आणा. परवानगी आली की आमच्यासमोर नंबर परत ठोकता येतो. पण कागद वर जाऊन येणार. रविवारच्या आत नाही होणार. आणि परवानगी येईलच असं मी सांगू शकत नाही."

म्हंजे रविवार एसटीनं.

कराडवरनं सातारा, साताऱ्यावरनं मेढा. अब्बास्नी मागच्या लांब सीटवर कडंला बसवलं, पाय वाटंत. प्रत्येक थांब्यावर कुणी ना कुणी त्येला अडखळायचं आनी म्हणायचं, "आवं बाबा, पाय घ्या की आत." अब्बा प्रत्येकाला हात जोडायचं. पेटी माझ्या मांडीवर, अंगाशी धरलेली. घाटात गाडी आदळली की पेटीतनं बारीक आवाज यायचा. कीण. मी अब्बांकडं बघायची न्हाई. परत आदळली, परत कीण. मी मोजायचं बंद केलं.

लग्नघरात पेटी उघडली तवा वरचा थर अख्खा वाढलेला. नवरीची आई एकदम पुढं आली. "आवं भाई, असू द्या, असू द्या, खालच्या बघा की." अब्बांनी खालनं एक एक उचलली, कानाशी नखानं टिचकी मारून बघितली आनी नवरीचा चुडा पुरा केला. नवरीचा झाला. करवल्यांचा झाला. मागच्या बायकांना पुरल्या न्हाईत. अब्बांनी उठायचा प्रयत्न केला तवा पाय उचललाच न्हाई, दोघांनी धरून उठवलं. येताना नवरीची आजी मला बाजूला घेऊन म्हणली, "पोरी, बाबाला असं एसटीनं आणू नकोस गं परत." मी हो म्हणलं. आनी काय म्हणणार?

पुढं पाच आठवडं. गाडी फणसाखाली उभी. रोज सकाळी मी ती जागेवरच चालू करायची, बॅटरी उतरू नये म्हणून, आनी पाच मिन्टं पाय क्लचवर ठेवून बसायची. पोलीस ठाण्यात चार खेपा, कागदावर कागद. दोन लग्नघरांनी दुसरा बांगडीवाला बोलावला, त्यांचं काय चुकलं? चाचानं ट्रकचं काम घेतलंच न्हाई त्या दिवसांत, माझ्या मागं मागं फायलीची पिशवी घेऊन फिरायचा. अब्बा परत कॉटवर. हायवेकडं तोंड.

परवानगी आली तवा मला फोनवर खरं वाटलं न्हाई, मी दोनदा इचारलं.

मुदत संपलेली, म्हणून गाडी ओढून न्यावी लागली मैदानावर. पंचवाला मानूस स्टीलची अक्षरं एका लाकडी खणात घेऊन आला. साहेब मला म्हणला, "वाच मोठ्यानं." मी बुकातनं एक एक अक्षर वाचायची, तो पंच धरायचा आनी एक घाव. जुन्या चौदाच्या खाली नवीन ओळ. प्रत्येक घावाला चाचाच्या खांद्याला झटका बसत होता. अब्बा लांब उन्हात काठीवर उभं, पाठ करून. बारावा झाला आनी मी चुकून तोच परत वाचला. साहेबानं बुक घेतलं नि पुढचं पाच त्यानं वाचलं.

मग कागद, पेन्सिल. घासलं. सतरा. साहेब बोट ठेवून ठेवून मोजत होता. शेवटी त्यानं ब्रेक बघितलं, दिवं बघितलं, हॉर्न वाजवून बघितला आनी सही केली. अजून पाच वर्षं गाडी आपली.

चाचा भीत भीत म्हणला, "साहेब, ह्येला गंज लागंल. ह्यावर थोडा प्रायमर मारू का?"

साहेब त्येच्याकडं बघतच राहिला. "तुम्ही हात नका लावू. ग्रीस लावा. हातानं."

अब्बा आलं. दार पुरं उघडलं. पाठमोरं उभं राहिलं, टेकलं, फिरलं, पाय उचलून आत घेतला. सीट मागं सरकवली. मी चावी फिरवली, गियर टाकायला लागले तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब जरा. लगेच काढू नको."

मी थांबले. इंजिन चालू. ते समोर बघत होते, ओठ घट्ट मिटलेलं, हनुवटी हलत होती. मागच्यानं हॉर्न मारला. परत मारला. चाचा बाहेरनं त्येला हातानं म्हणत होता, थांब रं, दोन मिन्टं थांब की.